विश्रामबागेतील लाकडी घाण्याचे करडई तेल

सांगलीत विश्रामबागेतील एका लाकडी घाण्यावरून मी वर्षभर करडईचे तेल आणत आहे आणि त्याचा ताजा, किंचित तुरट वास मला मनापासून आवडतो. नेहमीच्या वाणांच्या करडई तेलात सुमारे ७० ते ७५ टक्के लिनोलेइक आम्ल असते. हे आवश्यक मेदाम्ल शरीर स्वतः तयार करू शकत नाही, मात्र त्याच्या रेणूतील दोन दुहेरी बंधांमुळे ते उष्णतेने व प्रकाशाने लवकर खवट होते. म्हणूनच पारदर्शक बाटलीत, उन्हात मांडलेले तेल पाहून वाईट वाटले. ‘कोलेस्टेरॉलमुक्त’ ही पाटीही अनावश्यक आहे, कारण कोणत्याच वनस्पती तेलात ते नगण्यापलीकडे नसते. तळणासाठी मी तेथलेच शेंगदाणा तेल घेते. फोडणीला आणि चटणीवर मात्र करडईच.