फाइलसिस्टिम सर्व्हर: काम चोख, पण धोक्याच्या सूचना एजंटपर्यंत पोहोचत नाहीत

अँथ्रॉपिक या एआय कंपनीने नोव्हेंबर २०२४ मध्ये मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल, म्हणजेच एमसीपी, हा एआयला बाहेरच्या सोयी जोडून देणारा नियमसंच खुला केला. त्याच्या नमुना सर्व्हरांपैकी फाइलसिस्टिम सर्व्हर हा एआय एजंटला, म्हणजे आपल्या वतीने स्वतः कामे करणाऱ्या एआयला, आपल्या संगणकावरील फाइली वाचण्याची आणि लिहिण्याची सोय करून देतो. तो बसवायला सोपा आहे आणि नेमून दिलेल्या फोल्डरांच्या बाहेर जात नाही, त्यामुळे त्याच्या कामाबद्दल फारशी तक्रार नाही. हे परीक्षण मुख्यतः त्याच्या लेखी वर्णनांचे आहे. सर्व्हर जी एकेक कृती करून देतो तिला टूल म्हणतात. एजंट टूल निवडतो तो त्या टूलला जोडलेले चार ओळींचे वर्णन वाचून, आणि ज्या टूलने मजकूर कायमचा जाऊ शकतो त्याच्या बाबतीत त्या चार ओळींवर बरेच काही अवलंबून असते.

राइट-फाइल या टूलचे वर्णन तसे प्रामाणिक आहे. नवी फाइल तयार होईल किंवा असलेली फाइल पूर्णपणे बदलली जाईल, तेही पूर्वसूचना न देता, म्हणून जपून वापरावे, असे त्यात सांगितले आहे. माणसाला एवढे पुरते, कारण ‘जपून’ म्हटल्यावर काय करायचे हे त्याला अनुभवाने ठाऊक असते. एजंटला मात्र त्यातून करण्याजोगी कोणतीच कृती मिळत नाही. याच सर्व्हरमधील मजकूर वाचण्याच्या टूलला फाइलीच्या केवळ सुरुवातीच्या किंवा शेवटच्या काही ओळी मागवता येतात. एजंटने लांबलचक फाइलीचा वरचा भाग तेवढा वाचला, त्यात एक दुरुस्ती केली आणि तोच तुकडा राइट-फाइलने परत लिहिला, तर खालचा सगळा मजकूर नाहीसा होतो आणि टूल मात्र काम यशस्वी झाल्याचे कळवते. ही जोडी धोक्याची आहे, हे दोन्हींपैकी एकाही वर्णनात नाही. त्या जागी पुढील मजकूर असता तर उपयोग झाला असता: ‘या नावाची फाइल आधीपासून असल्यास तिचा संपूर्ण मजकूर जातो, जुनी प्रत ठेवली जात नाही आणि हे टूल तो परत आणू शकत नाही. फाइल पूर्ण वाचलेली नसेल तर हे टूल वापरू नये. थोडाच बदल असेल तर एडिट-फाइल वापरावे.’ काय जाते, ते परत मिळते का आणि आधी काय तपासायचे, एवढे तरी विध्वंसक टूलच्या वर्णनात असलेच पाहिजे.

एडिट-फाइलची गोष्ट अधिक खटकते, कारण तिथे सोय उत्तम आहे. ड्राय-रन हा पर्याय चालू केला की बदल प्रत्यक्ष न करता त्याचा आराखडा पाहता येतो. सर्व्हरसोबतच्या रीडमी या माहितीपत्रकात तर आधी नेहमी ड्राय-रन करावे अशी शिफारसही आहे. पण रीडमी वाचतो सर्व्हर बसवणारा माणूस. टूलच्या वर्णनात ती शिफारस नाही आणि पर्याय मुळात बंद असतो. फाइलींतील बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिट या प्रणालीतील क्लीन ही नोंद नसलेल्या फाइली पुसणारी आज्ञा या बाबतीत बरीच जुनी आणि बरीच शहाणी आहे. मूळ मांडणी बदललेली नसेल, तर सक्तीचा पर्याय दिल्याशिवाय ती फाइली पुसायला नकारच देते. इशारा वाचला जाईल की नाही याची चिंता अशा ठिकाणी उरत नाही.

मूव्ह-फाइलचे वर्णन वाचायला सर्वांत चांगले आहे. नव्या जागी त्या नावाची फाइल आधीच असेल तर काम फसेल, असे ते ठामपणे सांगते. एजंटसाठी असेच लिहावे, फक्त लिहिलेले खरेही असावे लागते. यामागे नोडचे, म्हणजे हा सर्व्हर ज्यावर चालतो त्या जावास्क्रिप्ट प्रणालीचे, रिनेम हे फंक्शन आहे आणि नोडच्या माहितीनुसार ते नव्या जागची फाइल बिनदिक्कत बदलून टाकते. म्हणजे सर्व्हरने स्वतः आधी तपासणी केली तरच हे आश्वासन टिकते. आपण बसवलेल्या आवृत्तीत ते टिकते का, हे दोन बिनकामाच्या फाइली घेऊन पाहावे. वर्णनात इशारा नसला तर एजंट निदान बिचकण्याची शक्यता असते. खोटी हमी असली तर तो निर्धास्तपणे पुढे जातो.

प्रोटोकॉलच्या मार्च २०२५ च्या आवृत्तीत टूलला खुणा जोडण्याची सोय आली. टूल फक्त वाचते का, ते विध्वंसक आहे का, तेच काम पुन्हा केले तर काही जास्तीचे घडते का, असे त्यातून सांगता येते. काहीच लिहिले नसेल तर टूल विध्वंसक आहे असे धरावे, हा त्यातील नियम मला फार पटला. मात्र खूण ही केवळ सूचना आहे आणि विश्वासू नसलेल्या सर्व्हरच्या खुणांवर भरवसा ठेवू नये, असे प्रोटोकॉलच बजावतो. शिवाय उत्तर हो किंवा नाही एवढेच असल्याने टिपणाची एक फाइल बदलणे आणि ग्राहकांचा अख्खा डेटाबेस पुसणे या दोन्हींवर एकच शिक्का बसतो. जुलै २०२५ मध्ये रेप्लिट या प्रोग्रामिंग सेवेच्या एजंटने एका वापरकर्त्याचा चालू डेटाबेस पुसला आणि वर तो परत आणता येणार नाही असेही सांगितले. प्रत्यक्षात तो परत आणता आला. परत फिरण्याची वाट आहे की नाही, हे सांगायला या खुणांमध्ये जागा नाही.

फाइल पुसण्याचे टूल या सर्व्हरमध्ये ठेवलेलेच नाही, हा निर्णय मला सगळ्या इशाऱ्यांपेक्षा मोलाचा वाटतो. अर्थात एजंटला शेजारी शेलही, म्हणजे संगणकाला थेट आज्ञा देण्याची सोय, दिले असेल तर त्याचा लाभ उरत नाही. हे नमुन्यादाखल केलेले काम आहे, असे त्याचे कर्तेही सांगतात, तेव्हा वर्णनांतील उणिवांबद्दल थोडी सवलत द्यावी लागेल. वापरायला हरकत नाही, पण प्रोग्रामला बाकीच्या संगणकापासून वेगळे ठेवणाऱ्या डॉकरमधून चालवावे, जे फोल्डर फक्त वाचायचे आहे ते केवळ-वाचन पद्धतीने जोडावे आणि लिहिण्याची परवानगी गिटमध्ये नोंदलेल्या एकाच फोल्डरला द्यावी.