स्पर्शाच्या प्रयोगासाठी टीडीसीएस यंत्र आणि जेव्हीपी डोम: संच कितपत पुरतो?

टीडीसीएस म्हणजे डोक्यावर लावलेल्या इलेक्ट्रोडमधून मेंदूला सौम्य वीज देणं, आणि जेव्हीपी डोम म्हणजे बोटाची स्पर्शक्षमता मोजायचे खाचांचे छोटे घुमट. सौम्य विजेने बोटाची स्पर्शक्षमता तात्पुरती वाढते, एवढंच दाखवायचं असेल तर हा संच पुरेसा आहे. खरी परीक्षा पुढे आहे. आधीच चेतवलेला स्पर्शाचा कॉर्टेक्स (मेंदूच्या पृष्ठभागाचा स्पर्श हाताळणारा भाग) दुसऱ्यांदा चेतवला तर स्वतःला आवर घालतो, हे यात दिसतं का? दिसतं, पण मोजणाऱ्याचा हात आणि घड्याळ दोन्ही काटेकोर असतील तरच.

यंत्राबद्दल फारशी तक्रार नाही. इलेक्ट्रोडचे ५ × ७ सेंमीचे स्पंज, १ मिलिअँपिअर, २० मिनिटं. २००८ साली बोटाची स्पर्शक्षमता वाढल्याचं दिसलं ते एवढ्याच प्रवाहात आणि एवढ्याच वेळात. उजव्या हातासाठी अॅनोड (धन इलेक्ट्रोड) सी३ बिंदूच्या, म्हणजे टाळूवर डावीकडे ठरलेल्या खुणेच्या, सुमारे २ सेंमी मागे आणि दुसरा इलेक्ट्रोड उजव्या भुवईच्या वर. स्पंजाच्या प्रत्येक बाजूला साधारण ६ मिली सलाईन बास. जास्त झालं तर पाणी केसांत पसरतं आणि वीज नको तिथे जाते. कमी पडलं तर कोरड्या कडांमुळे ती एका ठिकाणी एकवटते आणि कातडी भाजू शकते. नळाचं पाणी नकोच. रोध १० किलोओहमच्या वर दिसला तर आधी केस बाजूला सारा, लगेच आणखी सलाईन ओतू नका. चालू-बंद करताना प्रवाह ३० सेकंदांत हळूहळू चढला-उतरला पाहिजे. मध्येच तुटला तर डोळ्यांपुढे चमक येते, कारण दुसरा इलेक्ट्रोड डोळ्याजवळच आहे.

संचाची कमकुवत बाजू म्हणजे डोम. आठ डोम, खाचा ०.३५ ते ३ मिमी. डोम दीड-दोन सेकंद बोटावर टेकवायचा आणि खाचा उभ्या की आडव्या ते विचारायचं. नुसत्या अंदाजानेही निम्मी उत्तरं बरोबर येतात, म्हणून ७५ टक्के बरोबर उत्तरांची रुंदी हा उंबरठा धरतात. १ मिमीच्या पुढे पायऱ्या १.२, १.५, २ आणि ३ अशा मोठ्या होत जातात, त्यामुळे बारीक फरक निसटतो. शिवाय डोम जोरात दाबला की कातडी खाचेत जास्त शिरते आणि उंबरठा खोटाच खाली येतो. उपाय: हात उशीवर पालथा न ठेवता उताणा टेकवा, बोट हलू देऊ नका आणि डोम ठरावीक वजनाच्या दांड्याला बसवा. पहिला दिवस फक्त सरावाचा, नाहीतर सरावाने आलेली सुधारणा विजेच्या खात्यात जमा होईल.

आता आवर घालण्याचा भाग. बिनेनस्टॉक, कूपर आणि मन्रो यांनी १९८२ साली मांडलं की, चेतापेशींच्या जोडण्या बळकट होण्याचा उंबरठा आधीच्या सक्रियतेनुसार सरकतो: आधी जास्त सक्रियता असेल तर तो वर जातो, म्हणून आणखी बळकटी अवघड होते. २००४ साली मोटर कॉर्टेक्सवर (हालचाली चालवणाऱ्या भागावर) हे दिसलं: डोक्याबाहेरून सेकंदाला एक (१ हर्ट्झ) असे दिलेले तेच चुंबकीय ठोके अॅनोडनंतर चेतनशीलता घटवत होते, कॅथोडनंतर (त्याच जागी ऋण इलेक्ट्रोड ठेवल्यावर) वाढवत होते. म्हणजे मात्रांची बेरीज होत नाही. मोटर कॉर्टेक्सवर १३ मिनिटांचा अॅनोड चेतवतो आणि सलग २६ मिनिटांचा उलट दाबतो. मधल्या विश्रांतीलाही महत्त्व आहे: पाच मिनिटांच्या दोन मात्रांमध्ये ३ मिनिटं सोडली की परिणाम उलटला, ३० मिनिटं सोडली की नाही. स्पर्शाच्या कॉर्टेक्ससाठी हे आकडे जसेच्या तसे उचलू नका.

म्हणून घेताना एक गोष्ट तपासा: दोन टप्पे आणि मधलं अंतर यंत्रात आधीच भरून ठेवता येतं का. नसेल तर दर वेळी हाताने सुरू करताना अंतर मागेपुढे होतं. नकली उद्दीपनाला (तुलनेसाठी नुसतं दाखवण्यापुरतं दिलेल्या) सांकेतिक क्रमांक हवा, चालवणाऱ्यालाही कोणतं चालू आहे ते कळता कामा नये.

मांडणीत दुसरा टप्पा कायम तोच ठेवा. पहिला कधी अॅनोड, कधी कॅथोड, कधी नकली, आणि दोन सत्रांत आठवड्याचं अंतर. कॅथोडची फेरी काटकसर म्हणून वगळली जाते आणि तिथेच प्रयोग फसतो. दुहेरी अॅनोडनंतर सुधारणा कमी झाली, तर ते थकव्याने किंवा आणखी सुधारायला जागाच न उरल्यानेही होऊ शकतं. पण कॅथोडनंतर तोच दुसरा टप्पा जास्त परिणाम देत असेल, तर थकव्याचं कारण टिकत नाही.

अपस्मार, कवटीत धातू किंवा टाळूवर जखम असेल तर इलेक्ट्रोड लावू नयेत.