बाळंतपण माहेरी की आपल्या घरी? दोन्ही केलेल्या आईचा तुलनात्मक आढावा

सातव्या महिन्यातलं डोहाळजेवण आटोपलं की ओटीच्या नारळाबरोबर एक प्रश्नही पदरात पडतो, "मग माहेरी कधी जाणार?" जाणार का, असं कुणी विचारत नाही. पहिलं बाळंतपण माहेरचं, हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं. पण आता कितीतरी जणींची दवाखान्यातली फाइल एका शहरात असते, आई दुसऱ्या गावात आणि नवऱ्याची नोकरी तिसरीकडे.

माझं पहिलं बाळंतपण २०१७ मध्ये माहेरी झालं, कराडजवळच्या गावात. दुसरं २०२२ मध्ये पुण्यात, वारज्यातल्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात. दोन्ही वेळी काय मिळालं आणि काय हुकलं, ते ज्यांना आता ठरवायचंय त्यांच्यासाठी लिहिते आहे.

आधी दवाखाना बघा, घर नंतर

आम्ही पहिल्या वेळी उलटं केलं. माहेरी जायचं हे आधी ठरवलं आणि दवाखाना मागाहून शोधला. सगळं सुखरूप पार पडलं, पण तो क्रम चुकीचा होता असं मला आजही वाटतं.

जिथे बाळंत व्हायचं तिथल्या दवाखान्यात चार गोष्टी स्वतः जाऊन विचारा. मध्यरात्री सिझेरियनची वेळ आली तर भूलतज्ज्ञ किती वेळात पोचतात? रक्त कुठून आणावं लागतं? जन्माच्या वेळी बालरोगतज्ज्ञ हजर असतात का? आणि बाळाला काचेच्या पेटीत ठेवायची वेळ आली, तर ती सोय तिथेच आहे की दुसऱ्या गावी न्यावं लागेल? खासगी दवाखाना परवडणार नसेल, तर जिल्हा रुग्णालयांत आजारी आणि कमी वजनाच्या बाळांसाठी विशेष कक्ष असतात, ते अंतर मोजा. माझ्या मते बाळाची ही सोय अर्ध्या-पाऊण तासात गाठता येत नसेल, तर माहेर कितीही मायेचं असलं तरी प्रसूती तिथे करू नये.

हे मी का सांगते, तर चौथ्या दिवसामुळे. त्या सकाळी आईने लेकीला खिडकीपाशी उजेडात धरलं, नाकाच्या शेंड्यावर बोटाने हलकेच दाबलं आणि बोट उचललं. खालची कातडी हळदीचं बोट लागल्यासारखी पिवळी होती. शेजारच्या काकू म्हणाल्या, कोवळ्या उन्हात ठेवा, उतरेल. आई म्हणाली, "ऊन नंतर, आधी डॉक्टर." आम्ही वीस मिनिटांत कराडला पोचलो. रक्त तपासलं आणि लेक दोन दिवस निळ्या दिव्याखाली राहिली. नवजात बाळाची कावीळ बहुधा तिसऱ्या ते पाचव्या दिवशी चढते. बरीचशी आपोआप उतरते, पण कोणती उतरणार आणि कोणती वाढणार हे डोळ्यांनी सांगता येत नाही, आणि ऊन हा तिच्यावरचा उपचार नव्हे. ती वीस मिनिटं दोन तासांची असती तर काय झालं असतं, हा विचार मी अजून पुरता करू शकत नाही.

रक्तदाब, साखर, जुळी, वार (प्लॅसेंटा) खाली असणं, आधीचं सिझेरियन किंवा आधीचं दिवस भरण्याआधी झालेलं बाळ, यांतलं काहीही असेल तर जागा बदलू नका. जे डॉक्टर तुम्हाला सुरुवातीपासून ओळखतात त्यांच्याकडेच राहा.

बाकीच्यांनी जायचंच असेल तर ३४व्या आठवड्याच्या आत जावं, म्हणजे नव्या डॉक्टरांना तपासायला वेळ मिळतो. प्रवासाचा सल्ला आपल्या डॉक्टरांकडून घ्या. गाडीने जाताना दर दोन तासांनी उतरून चार पावलं चाला, आणि सीटबेल्टचा खालचा पट्टा पोटाच्या खालून, मांड्यांच्या वर घ्या.

फाइलबद्दल मात्र जरा सविस्तर सांगते, कारण तिथे मी अडकले होते. माझा रक्तगट निगेटिव्ह. पुण्यात २८व्या आठवड्यात अँटी-डीचं इंजेक्शन (निगेटिव्ह आई आणि पॉझिटिव्ह बाळ यांचे रक्तगट न जुळल्याचा त्रास टाळायला देतात ते) दिलेलं होतं, पण त्याची नोंद असलेला कागद मी घरी विसरले. कराडच्या डॉक्टरांना तारीख हवी होती आणि पुण्याच्या दवाखान्यात अर्धा दिवस कुणी फोनच उचलला नाही. बाळाचा रक्तगट पॉझिटिव्ह निघाला तर हेच इंजेक्शन प्रसूतीनंतर ७२ तासांच्या आत पुन्हा द्यावं लागतं, त्यामुळे हा कागद शोभेचा नसतो. सगळ्या सोनोग्राफी, रक्ततपासण्या, धनुर्वाताच्या इंजेक्शनच्या तारखा आणि चालू गोळ्यांची नावं एका फाइलमध्ये लावा. शिवाय प्रत्येक पानाचा फोटो स्वतःच्या आणि नवऱ्याच्या मोबाइलमध्ये ठेवा.

रात्री जागायला कोण आहे?

दिवसा पाहुणे पुष्कळ असतात. बाळंतिणीचं खरं बाळंतपण रात्री होतं. नवजात बाळ चोवीस तासांत ८ ते १२ वेळा दूध पितं, म्हणजे सलग तीन तासांची झोप हीच चैन.

माहेरी या बाबतीत मी राणी होते. रात्री दोनला लेक रडली की मी पाजायचे आणि पुढचं सगळं आई करायची. दुपट्यात गुंडाळून, खांद्यावर टाकून ती ओसरीवर फेऱ्या मारायची. मला म्हणायची, "तू पड गं. मी आहे ना." अंगावरचं दूध नीट यायला जेवणाइतकीच झोप आणि मनाची स्वस्थताही लागते, हे मी त्या सव्वा महिन्यात शिकले. गावात आशाताईही घरी यायच्या. तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा दिवस असा त्यांचा नेम असतो. झोळीच्या काट्यावर लेकीचं वजन करायच्या, ताप बघायच्या, नाळ कोरडी आहे ना हे पाहायच्या. वारज्याच्या आमच्या सोसायटीत असं कुणी आलं नाही. वजनासाठी दर वेळी बाळाला घेऊन दवाखान्यात जावं लागलं.

मग पुण्यात काय मिळालं? बाळाचा बाबा मिळाला.

पहिल्या वेळी नवरा शनिवारी रात्री स्वारगेटहून एसटी धरायचा आणि रविवारी संध्याकाळी परतायचा. सव्वा महिन्यात असे पाच रविवार. लेकीला उचलताना त्याचे हात आखडायचे आणि ती रडली की तो तिला आईकडे देऊन मोकळा व्हायचा. यात त्याचा काही दोष नव्हता, त्याला सरावच मिळाला नव्हता. दुसऱ्या वेळी त्याने साठवलेली पंधरा दिवसांची रजा घेतली. (केंद्र सरकारी नोकरीत बाबांना १५ दिवसांची पितृत्व रजा आहे. खासगीत तसा कायदा नाही, कंपनीचा नियम आधी विचारून ठेवावा.) आम्ही रात्र वाटून घेतली. मी फक्त पाजायचं. ढेकर काढणं, लंगोट बदलणं आणि निजवणं त्याचं. तिसऱ्याच रात्री तो अंधारात म्हणाला, "हे भुकेचं रडणं नाही, शू झालीय." आणि खरंच शू होती. पहिल्या वेळी आम्हा दोघांचं काय हुकलं, ते मला त्या क्षणी समजलं. माहेरी जायचं ठरवताना हे कुणी मोजत नाही. बाबाला मोठी रजा मिळणार असेल, तर माझा कौल आपल्या घराच्या बाजूने झुकतो. मोठं मूल शाळेत जाणारं असेल तर आणखी झुकतो.

पण घरी दोघंच असाल आणि त्याला चौथ्या दिवशी कामावर जायचं असेल, तर हट्टाने शहरात राहू नका. एकटी बाळंतीण आणि बंद दार ही गोष्ट मला काळजीची वाटते. पहिल्या काही दिवसांत उगाच रडू येणं बहुतेकींना होतं आणि दोनेक आठवड्यांत ओसरतं. त्यापुढेही मन उतरलेलंच राहिलं, झोप उडाली, बाळाबद्दल काही वाटेनासं झालं, तर तो आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. हे ओळखायला घरात दुसरं माणूस लागतं.

बाळंतिणीची खोली आणि आजीची सहाण

डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, गरम भाकरी, तेलाने अंग रगडणं आणि चाळीस दिवस कुणी कामाला हात लावू न देणं, हे माहेरपण सोन्यासारखं आहे. पुण्यात न्हाऊ घालायला येणाऱ्या मावशी चांगल्या मिळाल्या, पण त्यांना सातव्या महिन्यातच सांगून ठेवावं लागलं. ऐनवेळी अशा बाया मिळत नाहीत. लाडू आईने डब्यातून पाठवले.

माहेरी अडचण आली ती रिवाजांची. आजीने आधीच सहाण धुऊन ठेवली होती आणि शेजारी वेखंड, जायफळ, मुरडशेंग, हळकुंड मांडलं होतं. बाळगुटी नको, हे तिला सांगणार कोण? पहिले सहा महिने फक्त अंगावरचं दूध. पाणी नाही, वावडिंगाचं नाही, गुटी नाही. मध तर वर्षाचं होईपर्यंत नाहीच, त्यातून बाळाला जिवावरची विषबाधा होऊ शकते. काजळ नको, नाकाकानात तेल नको, नाळेला हळद नको. बंद खोलीत शेगडी पेटवून धुरी देणं तर साफ नको, तो धूर बाळाच्या फुप्फुसात जातो आणि कोळशाचा न दिसणारा वायू जीवघेणा ठरू शकतो.

शेवटी मी आजीला बाळाच्या पहिल्या तपासणीला सोबत नेलं. डॉक्टर तिला म्हणाले, "आजी, मालिश तुम्हीच करा, तुमच्यासारखा हात कुणाचा नाही. पण सहाण मात्र उचलून ठेवा." तिने उचलली. नातीने सांगितलेलं पटत नाही, डॉक्टरांचं पटतं. म्हणून घरातल्या ज्या बाईचा शब्द चालतो तिलाच तपासणीला न्या. सासरच्यांबरोबर राहत असाल तर हे आणखी गरजेचं आहे, कारण आईला नाही म्हणताना जड जात नाही, सासूबाईंना म्हणताना जातं.

रजा, पैसा, कागद

कायद्याने नोकरदार आईला पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवड्यांची पगारी रजा आहे. त्यातले जास्तीत जास्त ८ आठवडे प्रसूतीआधी घेता येतात. ३४व्या आठवड्यात माहेरी गेलात तर साधारण ६ आठवडे आधीच खर्ची पडतात आणि बाळाबरोबर २० उरतात. शहरात राहून ३८व्या आठवड्यापर्यंत काम जमलं, तर २४ उरतात. घरून काम करायची मुभा असेल तर हा फरक मिटतो, म्हणून वरिष्ठांशी हे आधीच बोला.

माहेरचं बाळंतपण म्हणजे खर्चही माहेरचा, ही रीत मला मान्य नाही. बाळ दोघांचं आहे, दवाखान्याचं बिल दोघांनी भरावं. कंपनीचा विमा असेल तर माहेरच्या गावातला दवाखाना त्या यादीत आहे का, ते आधी बघा, आमचा नव्हता. सरकारी रुग्णालयात जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली प्रसूती, सिझेरियनसुद्धा, मोफत आहे.

आणखी एक, जे फार जणांना माहीत नसतं. जन्माची नोंद बाळ जिथे जन्मलं तिथेच होते, आईवडील राहतात तिथे नाही. मुदत २१ दिवसांची. माझ्या लेकीचा दाखला कराडचा आहे आणि त्यात माझ्या नावातली एक चूक सुधारायला नवऱ्याला दोनदा रजा काढून जावं लागलं. दवाखान्यातून निघण्याआधी फॉर्मवरची सगळी नावं आधारकार्डाशी ताडून बघा.

तयारीच्या सामानाबद्दल थोडक्यात. झबली, टोपडी, सुती दुपटी आणि दोन डझन लंगोट दोन्हीकडे लागतात, पण माहेरी अंगणात ऊन असतं. पुण्यात पावसाळ्यात लंगोट वाळेनात, म्हणून रात्री डायपर आणि दिवसा लंगोट असं केलं. पाचव्या दिवसानंतर दिवसाला सहा-सात वेळा तरी शू व्हायला हवी, हे लंगोटावर नीट समजतं. मोहरीची उशी घेऊ नका. बाळाला पाठीवर, सपाट आणि घट्ट गादीवर झोपवा.

आणि घर कुठलंही असो: बाळ दूध ओढेनासं झालं, गळून गेलं, अंग १००.४ फॅरनहाइटच्या वर तापलं किंवा गार पडलं, श्वास मिनिटाला साठ किंवा जास्त झाले, छाती आत ओढली जाऊ लागली किंवा तळहात-तळपाय पिवळे दिसले, तर सकाळची वाट बघू नका. १०८ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीने निघा.

मधला रस्ता

आता मला कुणी विचारलं तर मी बहुतेकींना तिसरी वाट सांगते. प्रसूती आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे, बाबा जवळ असताना. पहिले पंधरा दिवस आईने आपल्याकडे यायचं. बाळाने जन्माचं वजन भरून काढलं, साधारण दहा-चौदा दिवसांत काढतं, आणि डॉक्टरांनी हो म्हटलं की मग माहेरी जायचं. सहाव्या आठवड्याचं लसीकरण कुठे करायचं ते जाण्याआधी ठरवायचं आणि लसीचं कार्ड पर्समध्ये ठेवायचं. यात आईची ओढाताण होते, हे खरं. पुण्यात आली तेव्हा माझ्या आईचा अर्धा जीव कराडला बाबांच्या साखरेच्या गोळ्यांत अडकलेला असायचा. म्हणून आईला गृहीत न धरता, तिला जमेल का हे आधी विचारा.

माझी धाकटी बहीण नाशिकला असते, तिला आता सातवा महिना आहे. तिने हीच वाट धरली आहे. आईने दोन डझन लंगोट शिवून ठेवलेत. निम्मे गेल्या आठवड्यात नाशिकला पाठवले, निम्मे कराडच्या कपाटात ठेवले.