गाडी परत करण्याचा हक्क: नवी, व्यावसायिकाकडची जुनी आणि घरगुती मालकाची

गाडी घरी आणल्यावर रंग आवडला नाही किंवा हप्ता झेपेना, म्हणून ती परत करण्याचा सर्वसाधारण हक्क आपल्याकडील कोणताही कायदा देत नाही. हक्क आहे तो दोषाबद्दल आणि फसवणुकीबद्दल, आणि तो कितपत बजावता येईल हे गाडी कोणाकडून घेतली यावर ठरते.

शोरूममधून खासगी वापरासाठी घेतलेल्या नव्या गाडीला ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ लागू होतो. सदोष माल बिलावर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवसांत, परत घेऊन पैसे देण्यास नकार देणे ही या कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा ठरते. मोजलेली किंमत ५० लाखांपर्यंत असल्यास तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात, तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत करता येते. मात्र वॉरंटीत सदोष भाग बदलून देण्याचीच हमी असेल, तर संपूर्ण गाडी बदलून देण्याचा आदेश योग्य नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये म्हटले आहे. त्यामुळे दोष मूळ उत्पादनातला आहे आणि दुरुस्तीने जात नाही, हे दाखवावे लागते, आणि तिथे जॉब कार्डाइतका, म्हणजे गाडी दुरुस्तीला देताना तक्रार ज्यावर लिहून घेतात त्या कार्डाइतका, उपयोगी कागद दुसरा नाही. ‘चौथ्या गिअरला खरखर येते’ अशी तक्रार सांगितली असताना कार्डावर ‘सर्वसाधारण तपासणी’ असे लिहिले जात असेल, तर सही करू नये. आपलेच शब्द, तारीख आणि किलोमीटरचा आकडा लिहून घ्यावा, आणि हे प्रत्येक फेरीला करावे.

जुन्या गाड्यांचा व्यवसाय करणाऱ्याकडून घेतलेल्या गाडीलाही हाच कायदा लागू होतो, पण वयोमानानुसार झालेली झीज दोष म्हणून चालत नाही. काही विक्रेते ठरावीक दिवसांत विनाकारणही गाडी परत घेतात. ती सवलत करारातून येते, म्हणून किलोमीटरची मर्यादा आणि कापली जाणारी रक्कम पैसे देण्यापूर्वी वाचावी. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांनुसार अशा व्यावसायिकाकडे परिवहन खात्याचे अधिकारपत्र असायला हवे. ते मागून बघण्यात संकोच करू नये.

ओळखीपाळखीतून घरगुती मालकाची गाडी घेतली, तर ग्राहक आयोगाचा रस्ता बहुधा बंदच असतो. उरतो भारतीय करार कायदा, १८७२ आणि दिवाणी न्यायालय. या कायद्यात विक्रेत्याचे नुसते गप्प राहणे सहसा फसवणूक ठरत नाही, आणि साध्या काळजीने जे कळले असते त्याबद्दल नंतर तक्रार केली तर ती टिकणे अवघड जाते. २०१९ च्या पुरात कोल्हापूर-सांगली भागात कितीतरी गाड्या पाण्याखाली गेल्या होत्या. अशी शंका असल्यास सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघावा. गुंडाळून आत राहणाऱ्या पट्ट्यावर गाळाचा डाग बरेचदा तसाच असतो.

ज्यांच्या खात्रीचा मेकॅनिक नाही आणि ज्यांची बरीचशी बचत या खरेदीत जाणार आहे, त्यांनी चार पैसे जास्त पडले तरी व्यावसायिकाकडूनच गाडी घ्यावी, असे माझे ठाम मत आहे. तरीही घरगुती मालकाचीच घ्यायची असेल, तर ‘गाडी पुरात बुडालेली नाही, मोठा अपघात झालेला नाही’ हे सौदापत्रात त्याच्या सहीने लिहून घ्यावे. मग खोटे निघाल्यास त्याने केवळ मौन पाळले होते, असे त्याला म्हणता येत नाही.