तुशिनोची मैफल: गर्दीसाठी पाहावा असा चित्रपट

२८ सप्टेंबर १९९१ रोजी मॉस्कोच्या वायव्य भागात तुशिनो येथील जुन्या हवाई तळाच्या मैदानावर एक विनामूल्य रॉक मैफल झाली. तिचे अधिकृत चित्रीकरण वेन आयशम यांच्या दिग्दर्शनाखाली 'फॉर दोज अबाउट टू रॉक: मॉन्स्टर्स इन मॉस्को' या नावाने प्रसिद्ध झाले. गेल्या महिन्यात मी ते तीन वेळा सलग पाहिले: पहिल्यांदा गाण्यांसाठी, दुसऱ्यांदा प्रेक्षकांसाठी आणि तिसऱ्यांदा आवाज पूर्ण बंद करून. तिसऱ्या वेळी हाती सर्वांत जास्त लागले. संगीताच्या चित्रपटाविषयी असे लिहावे लागते हे विचित्र आहे खरे, पण हा चित्रपट कोणी का घ्यावा आणि तो कुठे अपुरा पडतो, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे मला तिथेच मिळाली.

तारखा नीट माहीत नसतील तर हा चित्रपट अर्धाच कळतो, म्हणून त्या आधी सांगतो. 'मॉन्स्टर्स ऑफ रॉक' या नावाचा महोत्सव १९८० पासून इंग्लंडमधील डॉनिंग्टन येथे भरत असे. १७ ऑगस्ट १९९१ रोजी तिथल्या रंगमंचावर एसी/डीसी, मेटॅलिका आणि द ब्लॅक क्रोज हे पुढे तुशिनोलाही वाजवणारे तीन बँड होते. त्यानंतर दोनच दिवसांनी, १९ ऑगस्टला, मॉस्कोच्या रस्त्यांवर रणगाडे उतरले. सोव्हिएत अध्यक्ष गोर्बाचेव्ह यांना क्रिमियातील फोरोस येथील विश्रामगृहात अडकवून ठेवून आठ जणांच्या आणीबाणी समितीने सत्ता हाती घेतल्याचे जाहीर केले, दूरचित्रवाणीवर पुनःपुन्हा 'स्वान लेक' दाखवले जाऊ लागले आणि रशियन प्रजासत्ताकाचे अध्यक्ष बोरिस येल्त्सिन रशियन संसदेच्या इमारतीसमोर रणगाड्यावर चढून बोलले. ती इमारत वाचवण्यासाठी माणसे रात्रंदिवस भोवती कडे करून उभी राहिली. २१ ऑगस्टच्या पहाटे चिलखती गाड्यांशी झालेल्या झटापटीत तिघे जण मृत्युमुखी पडले, आणि त्याच दिवशी तो उठाव कोसळला. रणगाडे आल्यापासून बरोबर चाळीस दिवसांनी त्याच शहरात ही मैफल झाली. टाइम वॉर्नर या अमेरिकी कंपनीचे तिला पाठबळ होते आणि उठावाला विरोध करणाऱ्या तरुणांना दिलेली भेट असे तिचे वर्णन केले गेले.

या चाळीस दिवसांत काय काय बदलले होते, याचा अंदाज असल्याशिवाय चित्रपटातले चेहरे वाचता येत नाहीत. गुप्त पोलिसांच्या मुख्यालयासमोरचा, त्या दलाचा संस्थापक झेर्झिन्स्की याचा पुतळा क्रेन लावून उतरवला गेला होता. ६ सप्टेंबरला लेनिनग्राडला सेंट पीटर्सबर्ग हे जुने नाव परत मिळाले आणि त्याच दिवशी तिन्ही बाल्टिक देशांच्या स्वातंत्र्याला सोव्हिएत संघराज्याने मान्यता दिली. देश कागदावर अजून होता, सैन्य होते, गणवेशही तेच होते, पण आज्ञा नेमकी कोणाची पाळायची हे कोणालाच ठामपणे सांगता आले नसते. मैफलीनंतर तीन महिन्यांच्या आत, २५ डिसेंबरला, गोर्बाचेव्ह यांनी राजीनामा दिला. दोन राज्यव्यवस्थांच्या मधल्या मोकळ्या जागेत उभे राहून केलेले असे मैफलीचे चित्रीकरण दुसरे माझ्या पाहण्यात नाही. ही पार्श्वभूमी चित्रपटात जेवढी यायला हवी होती तेवढी येत नाही, ही माझी पहिली आणि सर्वांत मोठी तक्रार आहे.

आता गर्दीविषयी. पाच लाखांपासून सोळा लाखांपर्यंत वेगवेगळे आकडे सांगितले जातात आणि जाहिरातींत अर्थातच मोठा आकडा छापला जातो. तिकीटच नव्हते, त्यामुळे मोजायला काही साधन नव्हते. हवाई तळाचे सपाट मैदान असल्याने बसायच्या जागांवरूनही हिशेब करता येत नाही. मी आकड्याच्या वादात पडणार नाही. कॅमेरा उंचावरून फिरतो तेव्हा माणसांचे टोक दिसत नाही, एवढे पुरेसे आहे. डोक्यावरून हेलिकॉप्टरे घिरट्या घालत असतात, आणि मेटॅलिकाच्या वादनात त्यांच्या पात्यांची घरघर जणू एखादे जादा वाद्य असल्यासारखी मनात मिसळते.

आवाज बंद करून पाहताना माझी नजर सारखी गणवेशातल्या मुलांवर जात होती. रंगमंच आणि प्रेक्षक यांच्यामध्ये शिपायांचे कडे आहे आणि त्यातले बहुतेक जण समोरच्या प्रेक्षकांच्याच वयाचे, कदाचित त्यांच्याहूनही लहान आहेत. कुठे लाठ्या उगारल्या जातात, कुणाला फरफटत नेले जाते, बाटल्या भिरकावल्या जातात, रक्तही दिसते. त्याच कड्यात थोडे पुढे एखादा शिपाई मान डोलावताना, हसू दाबताना, पाठीमागे काय वाजते आहे ते पाहण्यासाठी वळताना सापडतो. शिपायाने गर्दीकडे तोंड करून उभे राहायचे असते. त्याने एकदा मागे वळून गिटारकडे पाहिले की त्या कड्याचा अर्थच बदलतो. एकाच रांगेतला एक जण मारतो आहे आणि दुसरा ठेका धरतो आहे, हे दृश्य १९९१ च्या त्या शरद ऋतूविषयी बऱ्याच लेखांपेक्षा जास्त सांगते. दिग्दर्शकाने ते टिपले याचे श्रेय त्याला पूर्ण द्यायला हवे. पण अशा चेहऱ्यावर कॅमेरा दोन सेकंदही थांबत नाही, संकलकाची कात्री लगेच गिटारच्या मानेवर उडी मारते, आणि माणूस काय विचार करतो आहे हे दिसायला लागते न लागते तोच तो निघून जातो.

गाण्यांकडे वळायचे तर पँटेरापासून सुरुवात करावी. टेक्सासचा हा बँड तेव्हा जगभर पोहोचलेला नव्हता. 'काउबॉइज फ्रॉम हेल' हा त्यांचा नव्या, कठोर वळणाचा अल्बम १९९० चा. दिवसाच्या उजेडात, एवढ्या मोठ्या मैदानासमोर, आपले नाव किती जणांना ठाऊक आहे याची खात्री नसताना ते असे वाजवतात की मागाहून येणाऱ्या दोन्ही मोठ्या बँडांना घाम फुटावा. डायमंड डॅरेल (पुढे जगाने त्याला डाइमबॅग म्हणून ओळखले) याचा उजवा हात जरूर पाहावा. तार दाबून धरून ती लगेच मोकळी सोडण्याचा, प्रत्येक ठोक्याला वेगळी धार देण्याचा त्याचा जो हातखंडा होता, तो इथे जवळून दिसतो. भाऊ विनी पॉलचा दुहेरी पेडलचा बास ड्रम आणि ही गिटार इतकी एकजीव आहेत की दोन वाद्यांऐवजी एकच यंत्र चालू असल्याचा भास होतो. संपूर्ण चित्रपटातले सर्वोत्तम संगीत मला इथे मिळाले.

ई.एस.टी. हा या मैफलीतला एकमेव रशियन बँड. त्याच्या नावाची आद्याक्षरे विद्युतझटक्यांच्या मनोरुग्णोपचाराची आहेत, आणि जां सागादेयेव हा त्याचा प्रमुख गायक. त्यांच्या वाट्याला चित्रपटात जेमतेम एक गाणे येते. मला हे मनापासून खटकले. ज्या देशात परदेशी रॉक एकेकाळी वापरलेल्या क्ष-किरण चित्रांवर चोरून कोरून विकले जात असे, जिथे पुढेही हातोहात नक्कल केलेल्या फितींवरच ते संगीत वाढले, त्या देशातला बँड अशा दिवशी आपल्या भाषेत आपल्या माणसांसमोर गातो. पाहुण्यांपेक्षा यजमानाचे बोलणे ऐकण्याची इच्छा अशा वेळी कोणालाही होईल. द ब्लॅक क्रोज यांच्याविषयी फार लिहिण्यासारखे नाही. ते उत्तम वाजवतात, पण त्यांचे ब्लूजवर पोसलेले सैलसर संगीत त्या दिवसाच्या ताणाशी जुळत नाही.

मेटॅलिकाचा भाग बहुतेक जण याआधी कुठे ना कुठे तुकड्यांत पाहून आलेले असतील. त्यांचा काळ्या मुखपृष्ठाचा अल्बम १२ ऑगस्टला, म्हणजे उठावाच्या जेमतेम आठवडाभर आधी बाजारात आला होता. 'एंटर सँडमन' ची सुरुवातीची संथ गिटार आणि हळूहळू चढत जाणारा ड्रम यांच्याबरोबर समोरचे मैदान हलायला लागते, ते दृश्य कितीही वेळा पाहिले तरी अंगावर काटा येतो. जेम्स हेटफिल्डचा आवाज त्या दिवशी कोरडा आणि भक्कम आहे. 'क्रीपिंग डेथ' च्या मधल्या भागात जेसन न्यूस्टेड गर्दीला हाताशी धरून घोष करायला लावतो आणि लक्षावधी माणसे एका शब्दावर मुठी उगारतात. मिसरमधल्या गुलामांच्या सुटकेची कथा सांगणारे हे गाणे आहे. ते तिथे, त्या महिन्यात गायले गेले, हा योगायोग असला तरी ऐकताना तो तसा वाटत नाही. 'फेड टू ब्लॅक' मात्र घाईत उरकल्यासारखे वाटते, आणि तो दोष संकलनाचा आहे की वादनाचा हे मी ठरवू शकलो नाही.

एसी/डीसी शेवटी येतात, अंधार पडल्यावर. त्यांना तिथे पाहताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. जानेवारी १९८५ मध्ये युक्रेनमधील निकोलायेव येथील कोम्सोमोल समितीने, म्हणजे कम्युनिस्ट पक्षाच्या युवक संघटनेने, वैचारिकदृष्ट्या घातक ठरवलेल्या ३८ परदेशी कलावंतांची एक यादी काढली होती. प्रत्येक नावापुढे त्याचा गुन्हा लिहिला होता आणि एसी/डीसीपुढे लिहिले होते, नवफॅसिझम आणि हिंसा. सात वर्षेही उलटली नव्हती, आणि तोच बँड राजधानीत, सरकारी हवाई तळावर, सरकारी शिपायांच्या पहाऱ्यात वाजवत होता. शाळकरी पोरासारखी अर्धी चड्डी घालून रंगमंचभर उड्या मारणाऱ्या अँगस यंगकडे पाहिले की त्या यादीची भीती किती पोकळ होती ते कळते. त्याच्या मागे स्थिर उभा राहून सगळा भार पेलणारा थोरला भाऊ माल्कम कॅमेऱ्याला फारसा दिसत नाही. कानांनी त्याला शोधावे. 'बॅक इन ब्लॅक' मधला त्याचा ठेका घड्याळासारखा आहे. ब्रायन जॉन्सनचा गळा वरच्या पट्टीत फाटतो, पण उत्साहात तो कुठेही कमी पडत नाही.

विकत घेणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. मी एका विक्रेत्याकडून जी तबकडी मागवली ती नवीन प्रत म्हणून विकलेली असली तरी प्रत्यक्षात जुन्या व्हिडिओ कॅसेटवरून उतरवलेली होती. चित्र रुंद पडद्यासाठी ताणल्यामुळे सगळे वादक बुटके आणि जाडे दिसत होते, आणि खालच्या कडेला फितीचा थरथरता पट्टा होता. चित्र मूळच्या चौकोनी प्रमाणात आहे याची चौकशी केल्याशिवाय पैसे देऊ नयेत. दुसरे म्हणजे ध्वनीचे: मिश्रणात गर्दीचा आवाज बऱ्याच ठिकाणी गाण्याच्या शेवटीच वर आणला आहे, जणू तो टाळ्यांपुरताच असावा. त्यामुळे ज्या आवाजासाठी हा चित्रपट घ्यायचा तोच आवाज शोधून ऐकावा लागतो. साध्या ध्वनिक्षेपकापेक्षा चांगल्या हेडफोनवर तो बराच जास्त सापडतो. एकंदर चित्रपट दीड तासाचाही नाही आणि प्रत्येक बँडच्या वाट्याला मोजकीच गाणी आली आहेत. ज्यांना मेटॅलिका किंवा पँटेरा हवे आहेत त्यांची भूक यावर भागणार नाही. ज्यांना १९९१ चे मॉस्को पाहायचे आहे, त्यांनी मात्र घ्यावा.

तुशिनोचे ते मैदान आता ओळखू येत नाही. तिथे २०१४ साली स्पार्ताक क्लबचे फुटबॉल मैदान उघडले आणि आजूबाजूला वस्ती उभी राहिली. त्यामुळे ज्या शेवटच्या गाण्यावरून चित्रपटाला नाव मिळाले त्या गाण्याकडे मी दर वेळी जरा जास्त लक्ष देऊन पाहतो. एसी/डीसीच्या प्रथेप्रमाणे त्यात तोफा उडतात. रंगमंचावर धूर भरतो, ठोक्यामागून ठोका येतो आणि समोर लक्षावधी हात वर जातात. चाळीस दिवसांपूर्वी याच शहरातल्या माणसांनी खऱ्या रणगाड्यांच्या तोफा आपल्याकडे वळलेल्या पाहिल्या होत्या, आणि तुशिनोवर प्रत्येक बारासरशी ती माणसे पुढचा बार मागत होती.