रिओत सांबा शिकताना: काही महिन्यांनंतरचं मत

नोकरीनिमित्त रिओत आले आणि कोपाकबानातल्या एका सांबा वर्गात नाव घातलं. मधे कार्निव्हल येऊन गेला, मी अजून जाते आहे. पैसे वसूल झाले का? व्यायाम म्हणाल तर पुरेपूर, सांबा म्हणाल तर अर्धे.

शिकवतात तो ‘सांबा नो पे’, जोडीदाराशिवाय एकट्याने नाचायचा. पाऊल दिसायला सोपं: एक पाय मागे, दुसरा जागच्या जागी, पहिला पुन्हा पुढे, मग पायांची अदलाबदल. गुडघे सतत किंचित वाकलेले, खांदे शांत. कंबर मुद्दाम हलवायची नसते. गुडघे नीट चालले की ती आपोआप हलते. सुरुवातीला पोटऱ्या अशा भरून यायच्या की मेट्रोचा जिना उतरताना कठडा धरावा लागे. उंच टाचांचा आग्रह होतो, तो खुशाल धुडकावा. कॅनव्हासचे सपाट बूट बेस्ट.

खरी तक्रार तालाची. वर्गात मोठा आरसा आहे, छोटा स्पीकर आहे आणि ‘एक-दोन-तीन’ची मोजणी आहे, ढोल मात्र एकही नाही. सांबा दोन मात्रांचा, आणि सुर्दो नावाच्या मोठ्या ढोलाचा सगळ्यात खोल ठोका पडतो दुसऱ्या मात्रेवर. समेला मान डोलवणाऱ्या आपल्या कानांना हे उलटंच वाटतं. त्या स्पीकरवर तर तो ठोका ऐकूच येत नाही, मग पाय नुसते पाठांतर करत राहतात.

म्हणून मांगेइरा या सांबा शाळेच्या तालमीला जायला लागले. सांबा शाळा म्हणजे आपल्या गणेश मंडळांसारखी वस्तीची संस्था. इतर शाळांत पहिल्या मात्रेवर उत्तर देणारा दुसरा सुर्दो असतो. मांगेइरात परंपरेने तो नाहीच. त्यामुळे तो जड ठोका एकटा, उघडा येऊन छातीवर आदळतो. वर्गात महिनोन्‌महिने न बसलेलं पाऊल तिथे गर्दीत उभ्याउभ्या बसलं.

वर्गात इतिहासाचं नाव नाही, याचाही राग येतो. ब्राझीलमधली गुलामगिरी 1888 मध्ये संपली. ईशान्येकडच्या बाहिया प्रांतातून रिओत आलेल्या कृष्णवर्णीय बायकांच्या घरांत, विशेषतः प्रासा ओन्झे भागातल्या तिया सियाताकडे, हे गाणं-नाचणं वाढलं. 1928 मध्ये एस्तासियो वस्तीत ‘देइशा फालार’ मंडळ निघालं. रस्त्यावर चालत नाचता यावं अशी लय त्यांना हवी होती, आणि सुर्दो आला तो तिथूनच. म्हणजे वर्गात नेमकी जी गोष्ट गायब आहे, तीच.

वर्ग घ्यायचाच तर महिना-दोन महिने घ्या, गुडघ्यांना वळण लागण्यापुरता. उरलेले पैसे वाचवा. सोमवारी रात्री पेद्रा दो साल इथे रस्त्यावरच मैफल भरते, आणि कार्निव्हलआधीच्या आठवड्यांत सांबाद्रोमवर, म्हणजे कार्निव्हलच्या मिरवणुकीसाठी बांधलेल्या रस्त्यावर, शाळांच्या रंगीत तालमी फुकट बघायला मिळतात. तिथे ढोलांच्या ताफ्याजवळची जागा पकडा, आणि कानात घालायला कापूस न्या.