आरव्हीच्या एसीत हीट स्ट्रिप बसवून घेताय? पैसे देण्याआधी प्रोपेन बंद करून बघा

थंडी तोंडावर आली की अमेरिकेतल्या काही आरव्ही (राहायची सोय असलेली गाडी किंवा ट्रेलर) दुरुस्तीच्या दुकानांत एक व्यवहार हमखास होतो. गिऱ्हाईक फर्नेसची, म्हणजे प्रोपेन गॅसवर गाडी गरम करणाऱ्या यंत्राची, तक्रार घेऊन येतं. पेटत नाही, पेटली तर विझते. दुकानदार म्हणतो, "फर्नेसवर कशाला खर्च करताय? छतावरच्या एसीलाच हीट स्ट्रिप बसवून देतो, प्रोपेनची कटकटच संपली." तिकडे जुना ट्रेलर किंवा मोटरहोम पहिल्यांदाच घेणारी आपली मराठी कुटुंबंही या बोलण्याला भुलतात, कारण त्यात सरळ सरळ खोटं असं काही ऐकू येत नाही. खोटं आकड्यांत आहे, आणि पुष्कळदा कामातही.

आधी आकडे. हीट स्ट्रिप म्हणजे एसीच्या हवेच्या वाटेत बसवलेली विजेची कॉइल. १२० व्होल्टवर ती साधारण १,६०० वॅट घेते आणि तासाला जेमतेम ५,६०० बीटीयू (उष्णता मोजायचं एकक) उष्णता देते. मध्यम आकाराच्या ट्रेलरमधली प्रोपेन फर्नेस ३०,००० बीटीयूची असते. धुराड्यातून जाणारी उष्णता वजा केली तरी ती स्ट्रिपच्या चौपट पडते. बाजारात तीस-चाळीस डॉलरला मिळणारा १,५०० वॅटचा साधा हीटर ५,१०० बीटीयू देतो, म्हणजे जवळपास स्ट्रिपइतकाच. एसीचा पंखा मिनिटाला ३२० घनफूट हवा फेकत असेल तर स्ट्रिपवरून जाताना ती हवा सुमारे १६ अंश फॅरनहाइटने, म्हणजे ९ अंश सेल्सियसने तापते. सकाळचा गारवा घालवायला एवढं पुरतं. गोठवणाऱ्या रात्रीसाठी पुरत नाही.

दुसरी गोष्ट दुकानदार बोलतच नाही. बऱ्याच गाड्यांत फर्नेसची गरम हवा जमिनीखालच्या डक्टमधून (हवेच्या नळीतून) पाण्याच्या टाक्या आणि पाइपांपर्यंत जाते. स्ट्रिपची उष्णता छताशीच राहते. माणसं पांघरूण घेऊन निभावतील, पण खाली पाइप गोठून फुटला की त्याचं बिल फर्नेसच्या दुरुस्तीपेक्षा मोठं येतं. फर्नेस बिघडली असेल तर ती दुरुस्तच करून घ्या. स्ट्रिप हवी तर तिच्या जोडीला घ्या, तिच्या जागी नाही.

शिवाय स्ट्रिपची सगळी उष्णता हुकअपच्या, म्हणजे कॅम्पग्राउंडवर केबलने जोडून मिळणाऱ्या, विजेवर अवलंबून आहे. ग्रँड कॅन्यनच्या साउथ रिमवर, सुमारे ७,००० फुटांवर, ऑक्टोबरातल्या रात्री गोठणबिंदूच्या आसपास येतात. तिथल्या ट्रेलर व्हिलेजमध्ये वीज मिळते, शेजारच्या मेदर कॅम्पग्राउंडमध्ये मिळत नाही. म्हणजे मेदरला स्ट्रिपचा उपयोग शून्य. १०० अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी इन्व्हर्टरवरून ती चालवू म्हटलं तर पाऊण तासही टिकत नाही. ३० अँपिअरच्या गाडीत स्ट्रिप आणि पंखा मिळून १६ अँपिअर खातात. त्यात मायक्रोवेव्ह आणि विजेवरचा वॉटर हीटर लागला की ब्रेकर पडलाच. गजबजलेल्या कॅम्पग्राउंडमध्ये व्होल्टेज १०८ वर आलं तर १,६०० वॅटची स्ट्रिप १,३०० वॅटच उरते.

आता कामातली लबाडी. जुनी गाडी विकताना एसी 'हीट रेडी' असल्याचं सांगतात. याचा अर्थ एवढाच, की कॉइल जोडायची सोय आहे. कॉइल आहे, असा नव्हे. सीलिंगची जाळी उतरवून बघा, रिकामा प्लग लोंबताना दिसला तर गाडीत हीट नाही. उलट 'कूल ओन्ली' असेंब्लीत ही सोयच नसते. त्यात कॉइल घालायची तर गरम-थंड निवडायचा स्विच असलेली वेगळी सीलिंग असेंब्ली लागते, आणि डक्टवाल्या गाडीत रिले (विजेने चालू-बंद होणारा स्विच) असलेला कंट्रोल बॉक्स. एका कंपनीचं किट दुसऱ्या कंपनीच्या एसीला चालत नाही. एकाच कंपनीतही मॉडेल बघावं लागतं, म्हणून एसीच्या पाटीवरचा मॉडेल नंबर आणि किटचा पार्ट नंबर दोन्ही बिलावर लिहून घ्या. किट साधारण शंभर-दीडशे डॉलरचं असतं आणि सुटसुटीत मॉडेलमध्ये काम तास-दीड तासाचं. बिल याच्या कितीतरी पट असेल तर प्रत्येक ओळीचा हिशेब मागा.

सगळ्यात बेमालूम फसवणूक गाडी ताब्यात देताना होते. दुकानदार थर्मोस्टॅटवर 'हीट' लावतो, गरम हवा येते, गिऱ्हाईक खूश होऊन पैसे देतं. ती हवा आलेली असते प्रोपेन फर्नेसमधून, जी आधी अधूनमधून तरी पेटतच होती. स्ट्रिप बसवलेलीच नसते. म्हणून टाकीचा व्हॉल्व्ह बंद करा आणि पाइपमधला उरलेला गॅस संपेपर्यंत थांबा. मगच हीट लावा. फर्नेस असेल तर बहुतेक गाड्यांत हवा जमिनीलगतच्या जाळ्यांतून येते आणि गॅस नसल्यामुळे गारच राहते. स्ट्रिपची हवा छतातून येते आणि मिनिटाभरात कोमट लागते. फर्नेस पेटली असेल तर गाडीच्या बाहेरच्या बाजूचं धुराडं गरम वाफारे टाकतं, तिथे थोडं लांबून हात धरला तरी कळतं. डोमेटिक कंपनीच्या अनेक थर्मोस्टॅटवर इलेक्ट्रिक स्ट्रिप हा वेगळा मोड असतो. तो दिसत नसेल तर कंट्रोल बोर्डावरचा डिप स्विच (सेटिंगचं छोटं बटण) चालू करून थर्मोस्टॅट रिसेट करायचा राहिला आहे, किंवा मुळात काही बसवलेलंच नाही.

क्लॅम्प मीटर (तारेभोवती लावून करंट मोजणारं यंत्र) असेल तर प्रश्नच मिटतो. एसीच्या ब्रेकरच्या एका तारेभोवती लावा. नुसत्या पंख्याला दोन-तीन अँपिअर, स्ट्रिप लागली की पंधरा-सोळा. पॅनेल उघडं असताना हात सांभाळा, सवय नसेल तर जाणकाराकडून करून घ्या. हुकअपची केबल काढून, जनरेटर आणि इन्व्हर्टर बंद करून कॉइलची दोन टोकं मल्टिमीटरने मोजली तर ९ ओहमच्या जवळपास आकडा यायला हवा. अनंत दाखवला तर कॉइल तुटलेली आहे किंवा थर्मल फ्यूज (फार तापल्यावर वीज तोडणारा फ्यूज) उडाला आहे.

या फ्यूजवर आणि त्याच्या शेजारच्या लिमिट स्विचवर (जास्त तापल्यावर कॉइल बंद करणाऱ्या स्विचवर) बारीक नजर ठेवा, कारण घाईत काम उरकणारे लोक 'सारखी बंद पडते' म्हणून त्यांना तारेने बायपास करतात. काही जण तर कॉइल थेट ब्रेकरला जोडतात, पंखा चालू असो वा नसो. हवा वाहिली नाही की कॉइल लाल होते आणि भोवतालचं प्लॅस्टिक वितळतं. अशी जोडणी दिसली तर ब्रेकर पाडून ठेवा आणि गाडीत झोपू नका. पहिल्यांदा लावल्यावर धूळ जळाल्याचा वास दोन-चार मिनिटं येणारच, प्लॅस्टिकचा वास मात्र येता कामा नये. ब्रेकर २० अँपिअरचा आणि तार १२ गेजची हवी. ब्रेकर पडतो म्हणून कोणी ३० चा बसवून दिला असेल तर तो त्याच दिवशी काढायला लावा.

पैसे रोख देऊ नका. क्रेडिट कार्डने दिले आणि ठरल्याप्रमाणे काम झालंच नाही, तर ती रक्कम ज्या पहिल्या स्टेटमेंटवर आली ते पाठवल्यापासून ६० दिवसांच्या आत बँकेकडे लेखी तक्रार करता येते. सोबत उघड्या जाळीचा फोटो, पार्ट नंबर असलेलं बिल आणि मीटरवरच्या आकड्याचा फोटो जोडा. तक्रार फोनवर सांगून थांबू नका, लेखीच पाठवा.